घाटाची वाट पाहताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सायकल ही कोणालाही अपूर्वाईची वस्तू वाटत नाही. टेरी टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमागांवर राबणाऱ्या अनेकांनी आपल्या उमेदीची वर्षे सायकलवरून कामाला ये-जा करण्यात घालविली आहेत. मोटारसायकली वाढल्या, रिक्षा आल्या; तरी पाळी सुटण्याच्या वेळेस हँडलला डबा अडकवून घराकडे निघालेला सायकलस्वार येथे आजही दिसतो. या परिसरात मोठी चढण मात्र नाही. दख्खनच्या पठारावरील ही सपाट जमीन. येथील सायकलस्वाराचा सामना होतो तो उन्हाशी, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी आणि कॅरिअरवर लादलेल्या गठ्ठ्याच्या वजनाशी. अशा ठिकाणच्या वाचकाला कोणी सांगितले, की जगात लाखो माणसे एका सायकल शर्यतीतील डोंगराच्या टप्प्याची महिनोन् महिने वाट पाहतात, त्यासाठी रस्त्याकडेला तंबू ठोकून राहतात, तर त्याला ते वेड वाटणे स्वाभाविक आहे. या वेडामागे काय तर्क आहे, चढणीवर नेमके असे काय घडते, आणि त्याचा आपल्या रस्त्यांशी काय संबंध, याचा हा थोडक्यात परिचय.

दोन दिवसांची प्रतीक्षा

व्यावसायिक सायकलिंगमधील सर्वांत मोठी शर्यत म्हणजे ‘तूर द फ्रान्स’. १९०३ मध्ये सुरू झालेली ही शर्यत आज तीन आठवडे चालते. त्यात एकवीस टप्पे असतात आणि एकूण अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास जाते. प्रत्येक टप्प्याची वेळ मिळवत जायची आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याने पिवळी जर्सी घरी न्यायची, असा तिचा साधा नियम. यांतील बरेच टप्पे सपाट भागातून जातात, काही थोड्याफार उंचसखल रस्त्यांवरून, तर काही आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतरांगांमधून. निकाल बहुधा या शेवटच्या प्रकारातच लागतो.

२०२६ च्या शर्यतीचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा जगभरच्या चाहत्यांची नजर सर्वप्रथम दोन तारखांवर गेली. २४ आणि २५ जुलै २०२६ असे लागोपाठ दोन दिवस टप्प्याचा शेवट आल्प द्युएझ या एकाच डोंगरावर ठेवण्यात आला होता. त्यांतील दुसऱ्या दिवशी क्रोआ द फेर, तेलेग्राफ, गालिबिए आणि सारेन असे एकामागून एक घाट ओलांडून, दिवसभरात सुमारे ५,६०० मीटरची चढाई करून शिखर गाठावयाचे. सोलापूरची समुद्रसपाटीपासूनची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. एका दिवसात समुद्रकिनाऱ्यावरून सोलापूरच्या उंचीपर्यंत बारा वेळा चढावे, एवढी ती मेहनत. आणि तीही जवळपास तीन आठवडे सायकल हाकून झाल्यावर, अंतिम टप्प्याच्या आदल्या दिवशी.

आल्प द्युएझचा चढ १३.८ किलोमीटरचा. त्याला एकवीस वळणे आहेत आणि सरासरी चढ ८.१ टक्के आहे. १९५२ मध्ये शर्यत येथे प्रथम आली आणि इटलीचा फाउस्तो कोप्पी जिंकला. तेव्हापासून हा डोंगर सायकलिंगचे तीर्थक्षेत्रच बनला आहे. हॉलंडचे चाहते विशिष्ट वळणावर जमतात आणि ते वळण त्यांच्याच देशाच्या नावाने ओळखले जाते. रस्त्याच्या डांबरावर आवडत्या सायकलपटूंची नावे चुन्यासारख्या पांढऱ्या रंगात लिहिली जातात. जागा मिळावी म्हणून लोक कित्येक दिवस आधी येऊन राहतात. यासाठी तिकीट नसते, हे विशेष.

टक्के म्हणजे काय?

चढाचे टक्के ही भानगड प्रथम समजून घेतली पाहिजे. शंभर मीटर पुढे जाताना रस्ता आठ मीटर वर चढत असेल, तर तो आठ टक्के चढ. ऐकताना हा आकडा किरकोळ वाटतो. त्याचे खरे वजन कळण्यासाठी सोलापूरकरांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ.

मुंबईहून सोलापूरकडे येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस कर्जतला थांबते. प्रवासी बटाटेवड्याच्या मागे धावतात आणि त्याच वेळात गाडीच्या मागच्या बाजूस जादा इंजिने जोडली जातात. पुढे बोर घाट असतो. १८६३ मध्ये खुला झालेल्या या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट इतका आहे. टक्केवारीत मांडले तर तो तीन टक्क्यांनाही पोहोचत नाही! रेल्वेची पोलादी चाके पोलादी रुळांवर चालतात, त्यामुळे सायकलशी तिची तुलना तंतोतंत होणार नाही. पण पावणेतीन टक्क्यांच्या चढापुढे आगगाडीलाही मागून ढकलणारे लागतात, एवढे ध्यानात घ्यावे. आल्प द्युएझ त्याच्या तिप्पट तीव्र आहे. स्पेनमध्ये आंग्लिरू नावाचा चढ आहे. १९९९ पासून स्पेनच्या ‘व्हुएल्ता’ या शर्यतीत तो घेतला जाऊ लागला. तेथे काही ठिकाणी रस्ता तेवीस टक्क्यांवर उभा राहतो. अशा जागी सायकल चालविण्यापेक्षा हाती धरून चालणे अधिक सोपे वाटावे.

शर्यतींमध्ये चढांना श्रेणी दिलेली असते. चौथी श्रेणी सर्वांत सौम्य आणि पहिली कठीण. त्याहूनही अवघड असलेल्या चढांना ‘श्रेणीबाहेरचे’ म्हटले जाते. जो आधी माथ्यावर पोहोचतो, त्याला चढाच्या श्रेणीनुसार गुण मिळतात. ‘तूर’मध्ये १९३३ पासून या गुणांवर स्वतंत्र बक्षीस दिले जाऊ लागले आणि पहिला मान स्पेनच्या व्हिसेंते त्रुएबा याला मिळाला. पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेली त्याची खास जर्सी मात्र १९७५ मध्ये आली.

वारा सुटतो, वजन उरते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सपाटीवरील टप्प्यात शंभर-दीडशे सायकलपटू एकमेकांना चिकटून, एका जथ्यात जातात. याचे कारण हवा. वेग दुप्पट झाला, की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी पंचेचाळीस किलोमीटर वेगाने एकट्याने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती समोरची हवा कापण्यातच खर्च होते. त्याच्या पाठोपाठ, चाकाला चाक लावून जाणाऱ्याचे श्रम तीस ते चाळीस टक्क्यांनी हलके होतात. उलट्या वाऱ्यात घरी निघालेले कामगार पुढच्या सायकलच्या आडोशाला राहतात, ते याच न्यायाने. त्यांना हे शास्त्र कोणी शिकविलेले नसते. त्यामुळे सपाटीवर सबळ आणि दुबळा यांच्यातील फरक झाकला जातो. दुबळाही इतरांच्या आडोशाने शेवटपर्यंत टिकून राहतो आणि शेकडो जण एकाच वेळी पोहोचल्याची नोंद होते.

चढ लागला, की हे आवरण गळून पडते. समजा, पासष्ट किलो वजनाचा सायकलपटू आठ किलोच्या सरंजामासह आठ टक्के चढावर ताशी वीस किलोमीटर वेगाने जातो आहे. साधारण हिशेब केला तर त्याला सुमारे ३६० वॅट शक्ती सतत लावावी लागते. यांपैकी जवळजवळ ३१५ वॅट केवळ स्वतःचे आणि सायकलचे वजन वर उचलण्यात जातात. हवेच्या वाट्याला दहाव्या हिश्शाहूनही कमी येते. म्हणजे पुढच्याच्या आडोशाने मिळणारा लाभ जवळपास संपला. आता प्रत्येकाने आपले ओझे आपणच वाहायचे.

याच चढावर तेवढीच शक्ती असणारा दुसरा सायकलपटू पाच किलोने जड असेल, तर चौदा किलोमीटरच्या चढाईत तो दोन मिनिटांहून अधिक मागे पडेल. पाच किलो म्हणजे काय? घरातील तांदळाची एक लहान पिशवी. सपाट रस्त्यावर जी पिशवी कॅरिअरवर आहे हे विसरायला होते, ती घाटात शर्यत हरविते. म्हणूनच या खेळातील जाणकार निव्वळ शक्ती मोजत नाहीत. दर किलो वजनामागे किती वॅट, हे मोजतात. आणि म्हणूनच सपाटीवर अखेरच्या दोनशे मीटरांत वाघासारखे झेपावणारे दणकट गडी घाटात मागे राहतात, तर एरवी नजरेतही न भरणारे काटकुळे सायकलपटू पुढे येतात. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीच्या सायकलचे किमान वजन ६.८ किलो ठरवून दिले आहे. आपल्याकडील साधी काळी सायकल वीस किलोच्या घरात जाते, यावरून फरक लक्षात यावा.

सांघिक डावपेच मात्र घाटातही संपत नाहीत. संघनायकाचे सहकारी चढाच्या पायथ्यापासून एकामागून एक पुढे येऊन असा कडक वेग ठेवतात, की प्रतिस्पर्ध्याला दम खाण्यास उसंतच मिळू नये. आपली ताकद संपली, की ते बाजूला होतात. कर्जतला जोडलेली इंजिने लोणावळ्याला सुटतात, तसेच हे. शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये नायक एकटा उरतो. चाहता ज्याची वाट पाहतो, तो क्षण हाच. आता लपायला जागा नसते.

‘मारेकरी’ ठरलेले आयोजक

शर्यतीत डोंगर आणण्याची कल्पना सुरुवातीस सर्वांनाच रुचली होती, असे नाही. १९०५ मध्ये बालों दाल्सास हा पहिला मोठा डोंगर मार्गात आला. १९१० मध्ये पिरेनीजमधील पेरसूर्द, आस्पँ, तूरमाले आणि ओबिस्क हे घाट एकाच टप्प्यात घालण्यात आले. तो टप्पा ३२६ किलोमीटरचा होता. रस्ते म्हणजे गुराख्यांच्या वाटा. पाहणीसाठी गेलेला आल्फाँस स्तैनेस २,११५ मीटर उंचीच्या तूरमालेवर बर्फात अडकला, रात्री जीव वाचवून कसाबसा खाली आला आणि रस्ता जाण्याजोगा असल्याची तार त्याने आपल्या वरिष्ठांना ठोकून दिली! प्रत्यक्ष शर्यतीच्या दिवशी, पुढे विजेता ठरलेल्या ऑक्ताव्ह लापीझने सायकल ढकलत वर येताना आयोजकांच्या माणसांना ‘मारेकरी’ म्हणून शिव्या घातल्या. ही हकीकत सायकलिंगच्या इतिहासात अजून सांगितली जाते. मागे पडलेल्यांना गोळा करीत येणारी ‘झाडूगाडी’ त्याच वर्षी सुरू झाली.

औद्योगिक वसाहतीतील वाचकांना जवळची वाटेल अशी कथा १९१३ ची आहे. आघाडीच्या दावेदारांपैकी एक असलेल्या युजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क तूरमालेच्या उतारावर मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाने मनाई. सायकल खांद्यावर टाकून कित्येक किलोमीटर चालत तो खालच्या गावी पोहोचला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः उभा राहिला आणि फोर्क स्वतःच्या हाताने सांधला. त्यात काही तास गेले. अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. भाता मारायला एका पोराने हात लावला, तेवढ्यावरून त्यांनी क्रिस्तोफला दंडाची वेळ लावली. सायकलचे दात्यांचे गिअर बदलण्याचे साधन तर या शर्यतीत १९३७ मध्ये मान्य झाले. त्याआधीच्या लोकांनी हे डोंगर कसे चढले असतील, याची कल्पना आज करवत नाही.

घाटाची भीषणता चढात असते तशी उतारातही असते. १३ जुलै १९६७ रोजी इंग्लंडचा टॉम सिम्प्सन माँ व्हाँतू या उघड्याबोडक्या डोंगरावर कोसळला आणि मरण पावला. उष्णता, अतिश्रम आणि शरीरात सापडलेली उत्तेजक द्रव्ये यांचा तो घात होता. १९९५ मध्ये इटलीचा फाबिओ कासार्तेली पिरेनीजमधील उतारावर पडून गेला. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत गीनो मेडर याचाही मृत्यू उतारावरच्या अपघाताने झाला. टाळ्या वाजविणाऱ्याने हे विसरू नये.

आपला घाटाचा राजा

युरोपातील लोक ज्याला ‘डोंगरांचा राजा’ म्हणतात, त्याला मराठी मुलखात फार पूर्वीपासून आपले नाव आहे, ते म्हणजे ‘घाटाचा राजा’. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीपासून बोर घाट चढून सर्वांत आधी माथ्यावर येणाऱ्याला हा किताब दिला जाई. पुण्यात पहिला कोण आला, याइतकेच कुतूहल घाटात पहिला कोण आला, याचे असे. या घाटातच शिंग्रोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने साहेबाला घाटातून वाट दाखविली, त्याचे हे ठाणे, असे सांगतात. येणारे-जाणारे वाहनचालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. वाट काढणाऱ्याला दैवत मानणाऱ्या मुलखाला चढणीचे महत्त्व परक्यांनी शिकविण्याची गरज नाही.

घाटाच्या वळणावर उभे राहून खालून चढत येणाऱ्यांची वाट पाहणे, हीसुद्धा आपल्याला नवी गोष्ट नाही. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. तो सोहळा पाहण्यासाठी हजारो लोक घाटाच्या कडेला जमतात. रथाला जादा बैलजोड्या लावल्या जातात. नागमोडी रस्त्यावर पसरलेला जनसमुदाय वरून एका दृष्टिक्षेपात दिसतो. सोलापुरातून कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांनाही शेवटच्या घाटाचा अर्थ पायांनी कळलेला असतो. सपाट रस्त्यावर गप्पा मारीत चाललेला घोळका त्या चढावर आपोआप विरळ होतो आणि मग जो तो आपापल्या श्वासाशी बोलू लागतो. श्रद्धेचा आणि शर्यतीचा हेतू निराळा. परंतु चढणीचा नियम दोहोंना एकच. हौशी सायकलपटूंनाही सोलापूरजवळ घाटाचा सराव करावयाचा, तर तुळजापूरचीच वाट धरावी लागते.

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची बहुदिवसीय शर्यत १९ ते २३ तारखांदरम्यान पुणे जिल्ह्यात झाली. प्रारंभीची छोटी फेरी आणि चार टप्पे मिळून अंतर सुमारे ४३७ किलोमीटर होते. परदेशी व्यावसायिक संघ सह्याद्रीच्या कुशीतील रस्त्यांवरून धावताना मराठी प्रेक्षकाने आपल्या गावाच्या वेशीवर उभे राहून पाहिले. दूरचित्रवाणीवर फ्रान्समधील टप्पा आपल्याकडे रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास संपतो. तेथील वळणांची नावे पाठ करणाऱ्या चाहत्यासाठी ही मोठीच गोष्ट होती.

प्रेक्षक खेळाचा भाग होतो, तेव्हा

सपाटीवर रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या माणसाला शर्यत दिसते ती फार तर अर्धा मिनिट. रंगांचा एक झोत, साखळ्यांची सळसळ, आणि मग रिकामा रस्ता. घाटात तेच सायकलपटू सुटे सुटे येतात. त्यांचा वेग धावणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला असतो. चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो, घाम दिसतो. मधे कुंपण नाही, जाळी नाही. क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाजाच्या इतक्या जवळ कोणी प्रेक्षकाला जाऊ देईल काय? चाहते घाटाची वाट पाहतात, याचे दुसरे कारण हे सान्निध्य आहे.

आणि तेथेच धोका आहे. १९७५ मध्ये पुई द दोम या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. मर्क्स त्या वर्षी शर्यत हरला. १९९९ मध्ये आल्प द्युएझवर आघाडीवर असलेल्या जुझेप्पे ग्वेरिनीला छायाचित्र काढण्यासाठी रस्त्यात आलेल्या एका माणसाची धडक बसली. तो उठला आणि तरीही टप्पा जिंकला. २०१६ मध्ये माँ व्हाँतूवर गर्दीमुळे मोटारसायकल अडली, मागून सायकलपटू तिच्यावर आदळले. पिवळी जर्सी घातलेला ख्रिस फ्रूम मोडकी सायकल टाकून चक्क धावत सुटला. २०१८ मध्ये पुन्हा आल्प द्युएझवर विन्चेंझो निबाली गर्दीत पडला. मणक्याला दुखापत झाल्याने त्याला शर्यत सोडावी लागली.

तिकीट नाही, कुंपण नाही, ही या खेळाची श्रीमंती प्रेक्षकाच्या शहाणपणावर उभी आहे. ज्या दिवशी ते शहाणपण संपेल, त्या दिवशी सर्व वळणांवर लोखंडी कठडे येतील आणि घाट हे इतर कुठल्याही मैदानासारखे एक मैदान होईल. आपल्याकडे अशा शर्यती रुजवावयाच्या असतील, तर रस्ते गुळगुळीत करण्याइतकेच महत्त्व प्रेक्षक घडविण्याला आहे. शर्यतीच्या सोबत धावू नये, भ्रमणध्वनी पुढे धरून रस्त्यात येऊ नये, लहान मुले आणि पाळीव जनावरे आवरून धरावीत, एवढी पथ्येही पुरेशी आहेत.

चाहत्यापुढे आणखी एक कठीण प्रश्न असतो, विश्वासाचा. घाट माणसाची ताकद उघडी करतो, म्हणून घाटातच फसवणुकीचा मोहही सर्वांत मोठा. १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे ‘तूर’ जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगची सर्व विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. त्या वर्षांत डोंगरावर उभे राहून घसा कोरडा करणाऱ्या लाखो लोकांच्या आनंदाचे काय, याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात नाही. आज चढाला लागलेला वेळ, चढाचे टक्के आणि सायकलपटूचे वजन यांवरून चाहते स्वतःच वॅटचा हिशेब मांडतात, शंका घेतात, वाद घालतात. ज्या प्रेमात असा जागरूकपणा आहे, ते आंधळे म्हणता येत नाही.

चार सेकंद आणि शेवटचा माणूस

एवढे सगळे माहीत असूनही लोक घाटाची वाट का पाहतात? कारण कधी कधी तेथे असे काही घडते, की ज्याचा अंदाज कुठल्याही गणितात बसत नाही. १८ ऑगस्ट २०२४ रोजी महिलांच्या ‘तूर’चा शेवटचा टप्पा आल्प द्युएझवर संपला. हॉलंडच्या डेमी व्होलरिंगने तो टप्पा जिंकला. पण पोलंडची काशा न्येव्हियादोमा तिच्यामागे जिवाच्या आकांताने वर आली आणि आठ टप्प्यांच्या त्या शर्यतीचे विजेतेपद तिने अवघ्या चार सेकंदांनी राखले. रस्त्याकडेला उभे असलेल्यांना घड्याळात पाहून त्या चार सेकंदांचा श्वास मोजता आला.

जाणता चाहता मात्र विजेता गेल्यावर लगेच घरी जात नाही. कारण त्यानंतर अर्ध्या तासाने एक मोठा घोळका येतो. त्यात सपाटीचे दणकट गडी असतात, दुखापत झालेले असतात, सकाळी आपल्या नायकासाठी सारी शक्ती खर्च करून बसलेले सहकारी असतात. टप्प्याच्या विजेत्याने घेतलेल्या वेळेच्या ठराविक टक्के अधिक वेळात जो पोहोचत नाही, तो शर्यतीतून बाद होतो. म्हणून हे सारे जण, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असूनही, एक वेग ठरवून, एकमेकांना सांभाळीत वर येतात. त्यांना जिंकायचे नसते; दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यायचे असते. घाटावरील अनेक चाहते या शेवटच्या घोळक्यासाठी विजेत्याइतक्याच टाळ्या वाजवितात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील सायकलस्वाराला ही भाषा परकी वाटू नये. उद्या पाळीवर वेळेत पोहोचायचे आहे, म्हणून आज जपून पायडल मारणारा तोही त्याच घोळक्यातला आहे. फरक इतकाच, की त्याच्यासाठी रस्ता मोकळा केला जात नाही. अवजड ट्रक आणि भरधाव मोटारींच्या मधून, डांबराच्या तुटक्या कडेवरून त्याला वाट काढावी लागते. फ्रान्समध्ये शहराबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने दीड मीटर अंतर राखावे, असा नियम आहे. त्या नियमाला बळ मिळते, ते पिढ्यान् पिढ्या घाटाच्या कडेला उभे राहून सायकलवरचा माणूस किती श्रम करतो हे जवळून पाहिलेल्या समाजाकडून.

आपल्याकडे शर्यतीपुरते रस्ते दुरुस्त होणे ही चांगली सुरुवात आहे. तेच लक्ष शर्यतीनंतर आणि शर्यतीचा मार्ग नसलेल्या रस्त्यांवरही टिकले, औद्योगिक वसाहतींच्या रस्त्याकडेला सायकलस्वारासाठी हातभर तरी सुरक्षित पट्टी राहिली, तर घाटात वाजविलेल्या टाळ्यांना अर्थ येईल. पुढच्या वेळी आल्प द्युएझचे वा बोर घाटाचे एखादे वळण पडद्यावर पाहताना सायकलपटूच्या वेगाकडे जरूर पाहावे. पण त्याच्या खांद्यांकडेही पाहावे. तेच खांदे दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मोटारीपुढे, डबा अडकविलेल्या हँडलवर वाकलेले दिसतील. तेव्हा कर्णा न वाजविता, थोडे अंतर राखून, त्यांना पुढे जाऊ द्यावे.